दुसऱ्या फळीच्या नटांचा उन्हाळा : आमच्या वाचनालयाची हाँगकाँग चित्रपट-मालिका

आरमोरीहून वडसाकडे जाताना रस्त्याला लागून आमचं गाव आहे. इथल्या सार्वजनिक वाचनालयाने यंदा उन्हाळ्यात एक चित्रपट-मालिका चालवली. विषय होता हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळवलेले नट आणि त्यांना तो ज्या चित्रपटासाठी मिळाला ते चित्रपट. दर शनिवारी रात्री आठ वाजता, वाचनालयाच्या मागच्या पटांगणात. सभासदांना फुकट, बाकीच्यांना २० रुपये. खाली अंथरलेली दरी (सतरंजी), मागे खुर्च्या, दोन कूलर, आणि मंडपवाल्याकडून आणलेले स्पीकर. मालिका संपली आहे, पण वाचनालय ती पुन्हा लावणार आहे आणि शेजारच्या गावांतूनही विचारणा होते आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातला नट. पावसाळ्यात धानाची रोवणी आणि दिवाळीनंतर नाटकं. आमच्या जाहिरातीवर नायिकेचा आणि मुंबईहून आलेल्या कलाकाराचा फोटो मोठा असतो. नायकाचा मित्र, दारुडा बाप, सावकाराचा मुनीम यांची नावं खालच्या ओळीत, बारीक अक्षरात. मी त्या खालच्या ओळीतला. रात्री दहाला पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत नाटक चालतं. तेवढा वेळ प्रेक्षक जागा ठेवायचं निम्मं काम आम्हा खालच्या ओळीवाल्यांकडे असतं. त्यामुळे या मालिकेचा कागद वाचनालयाच्या फळ्यावर लागला तेव्हाच मी सभासदत्वाचं नूतनीकरण करून टाकलं.

हे पुरस्कार १९८२ साली ‘सिटी एंटरटेनमेंट’ नावाच्या चित्रपटविषयक पाक्षिकाने सुरू केले. कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगच्या बोलीतल्या चित्रपटसृष्टीत यापेक्षा मोठा मान नाही. एवढी माहिती प्रत्येक खेळाला वाटलेल्या अर्ध्या पानाच्या मराठी टिपणात होती. खाली त्या दिवशीच्या नटाचा फोटो, त्याने आधी काय काम केलं, पुरस्कार कोणत्या साली. हे टिपण या सगळ्या उपक्रमातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. चित्रपट सुरू होण्याआधीच कोणाकडे बघायचं ते कळायचं. बायाबापड्या, पोरं, सगळे नायकाला सोडून त्या एका माणसाला शोधत बसायचे. ‘हा का जी? हाच का तो?’ असं पटांगणभर चालायचं. दुसऱ्या फळीच्या नटाला असं शोधणारं प्रेक्षागृह मी आजवर पाहिलं नव्हतं.

सुरुवात ‘कुंग फू हसल’ने केली, ती योग्यच. पोरांना मारामारी हवी होती, ती मिळाली. पण टिपण होतं युएन वाहवर. चाळीचा बायकोला भिणारा, सदरा-पायजम्यातला मालक त्याने केला आहे, आणि २००५ साली त्याला या कामाचा पुरस्कार मिळाला. हा माणूस लहानपणी यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत वाढला. जॅकी चॅन आणि सामो हंग तिथलेच. कोलांट्या, गाणं, तोंडाला रंग लावणं, सगळं मार खात शिकायचं अशी ती शाळा. १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये ब्रूस लीच्या नावावर जी हवेतली उलटी कोलांटी आपण बघतो, ती याने मारलेली आहे. त्यात त्याचा चेहरा दिसत नाही आणि दिसूही नये अशीच ती नोकरी. तिथून सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेता म्हणून मंचावर बोलावलं जाईपर्यंत ३२ वर्षं गेली. चित्रपटात चाळमालक आधी गयावया करत फिरतो आणि मग एकाएकी त्याचं अंग पाण्यासारखं सैल होऊन ताई ची ही चिनी युद्धकला सुरू होते, तेव्हा माझ्या शेजारचे दंडारीतले (आमच्याकडच्या लोकनाट्यातले) एक म्हातारे नाचे दरीवर गुडघे टेकून उभे राहिले. त्यांना टिपण वाचायची गरज नव्हती. त्यांनी नुसती कंबर बघून ओळखलं की हा लहानपणापासून शिकलेला आहे.

‘अ मोमेंट ऑफ रोमान्स’ १९९० चा. नायक अँडी लाऊ, मोटरसायकल, श्रीमंत घरची पोरगी. आमच्याकडची प्रेमकथेची नाटकं याच चालीवर चालतात. पुरस्कार मात्र १९९१ साली मिळाला इंग मान-तात यांना, नायकाच्या मागे मागे फिरणाऱ्या, कोणी किंमत न देणाऱ्या माणसाच्या कामासाठी. पुढे स्टीफन चाऊसोबतच्या विनोदी जोडीमुळे जगभर माहीत झाला तो हाच नट. इथे त्याच्या हसण्यात ओशाळेपणा आहे. त्याला कोणी धक्का दिला की तो आधी हसतो आणि नंतर दुखावतो. दोन्हींच्या मधे एक क्षण जातो. तो क्षण पकडण्यासाठी मी आयुष्यभर तालमी केल्या आहेत. आमच्याकडे पद्मश्री परशुराम खुणे यांच्या कामात हे दिसतं. लोक हसत असताना ते डोळ्यांनी वेगळंच काही सांगून जातात. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा झाडीपट्टीतल्या प्रत्येक नटाच्या घरी पेढे आले होते, कारण मान पहिल्यांदा आमच्या गल्लीपर्यंत पोहोचला होता.

मालिका निवडणाऱ्यांचं एका गोष्टीसाठी खास कौतुक. याच अँडी लाऊला २००८ साली ‘प्रोटेजे’साठी सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि २०१० साली निकोलस त्सेला ‘बॉडीगार्ड्स अँड असासिन्स’साठी. कामं चांगली असतीलही. पण ज्याच्या नावावर तिकीट विकलं जातं त्याने हा मान घेतला की खालच्या ओळीतल्या कोणाची तरी संधी जाते, असं माझं ठाम मत आहे. वाचनालयाने हे दोन्ही चित्रपट वगळले. टोनी ल्युंगला मात्र टिपणात जागा होती, आणि ती बरोबर आहे. त्याला १९८८ आणि १९९० मध्ये हा पुरस्कार मिळाला तेव्हा तो अजून चढत होता. कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला तो २००० साली.

आता तक्रार. चित्रपटांत पडद्याखाली येणारी संवादांची अक्षरं इंग्रजीत. गावातल्या बहुतेकांना ती वाचता येत नाहीत, येतात त्यांनाही त्या वेगाने नाही. म्हणून हायस्कूलमधून निवृत्त झालेले आमचे एक सर माईक घेऊन बसतात आणि चालता चालता मराठीत सांगतात. कल्पना उत्तम. सरांची भाषा रसाळ, मधूनमधून झाडीबोली आली की हशा पिकतो. ‘कुंग फू हसल’च्या वेळी तर मालकिणीच्या शिव्या त्यांनी अशा घातल्या की मूळ बाई कमी पडावी. पण सरांना शांतता सहन होत नाही. ‘इन्फर्नल अफेअर्स’मध्ये अँथनी वाँग पोलीस अधिकारी आहे. त्याला इमारतीवरून खाली फेकतात आणि तो टोनी ल्युंगच्या, म्हणजे गुंडांत लपून काम करणाऱ्या आपल्याच पोलिसाच्या समोर टॅक्सीवर येऊन पडतो. त्यानंतर कोणी बोलत नाही. या कामाचा पुरस्कार वाँगला २००३ साली मिळाला, आणि त्या जागेपर्यंत त्याने किती थोड्या शब्दांत त्या दोघांचं नातं उभं केलं होतं ते तिथेच कळतं. आमच्याकडे तेवढ्यात माईकवरून ‘तर मंडळी, साहेब गेले, आता बिचाऱ्याला ओळखणारा कोणी उरला नाही’ असं सुरू झालं. मी दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी गेलो.

‘सर, तिथं थांबा ना जी. नटाला बोलू द्या.’

‘अरे, तो तर बोलतच नाही.’

‘तेच तर त्याचं बोलणं हाय सर.’

सरांनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या खेळांत खरोखर फरक पडला. पुन्हा मालिका लावताना कुठे गप्प बसायचं त्या जागा आधीच कागदावर लिहून काढाव्यात, एवढी विनंती आहे. वाचनालयाने नटांकडून मदत मागावी, आम्ही फुकट करू.

त्या बदलाचा सर्वांत मोठा लाभ ‘केजमॅन’ला झाला. १९९२ चा चित्रपट, दिग्दर्शक जेकब च्युंग. हाँगकाँगमध्ये गरीब माणसं तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात झोपायची जागा भाड्याने घेऊन राहत, एकावर एक पिंजरे, आणि आता ती जागाही रिकामी करायची वेळ आली आहे. आमच्या गावातून हैदराबादकडे, पुण्याकडे बांधकामावर गेलेली पोरं आहेत. एका खोलीत किती जण झोपतात ते घरच्यांना ठाऊक आहे. पटांगणात पिंजरे काय आहेत हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. ल्यू काय-ची यांना या चित्रपटासाठी १९९३ चा पुरस्कार मिळाला. सगळी माणसं एकाच दालनात कोंबलेली, कॅमेरा एकाकडून दुसऱ्याकडे जातो, नायक म्हणावा असा कोणी नाही, आणि तरी हा माणूस चौकटीच्या कोपऱ्यात असला तरी काहीतरी करतच असतो. मागे उभं राहून काय करायचं हा आमच्या धंद्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. नवीन पोरं मागे उभी राहिली की हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नाही. माझ्या कंपनीतल्या दोघांना मी मुद्दाम सोबत नेलं होतं.

ल्यू काय-ची यांना हाच पुरस्कार पुन्हा २००९ साली ‘द बीस्ट स्टॉकर’मधल्या पोलिसासाठी मिळाला. मधे सोळा वर्षं. टिपणात शेवटी लिहिलं होतं की इंग मान-तात २०२१ च्या फेब्रुवारीत गेले आणि ल्यू काय-ची त्याच वर्षी मार्चमध्ये. दोघेही कर्करोगाने. महामारीमुळे त्या वर्षी हे पुरस्कारही झाले नाहीत. त्याआधीच्या वर्षी समारंभ न करता विजेत्यांची नावं इंटरनेटवर वाचून दाखवली होती. आमच्याकडेही त्या काळात मंडया (दिवाळीनंतरच्या गावजत्रा) भरल्या नाहीत, शंकरपट (बैलांच्या शर्यती) नाहीत आणि नाटकंही नाहीत. खालच्या ओळीतल्या किती कलाकारांनी तेव्हा मजुरी धरली ते मी बघितलं आहे. त्या रात्री खेळ संपल्यावर लोक बराच वेळ उठले नाहीत, आणि सरांनीही माईक बंद ठेवला.

‘शाओलिन सॉकर’ गर्दीचा खेळ. डोक्यावर बाटल्या फोडून घेणारा थोरला भाऊ झालेल्या वाँग यात-फेई यांना २००२ साली पुरस्कार. मजा आली, पण मला इंग मान-तातचा लंगडा प्रशिक्षक जास्त लागला. ‘गॅलंट्स’मध्ये तीस वर्षांच्या बेशुद्धीतून उठलेला गुरू टेडी रॉबिनने झकास केला आहे. त्या रात्री लाइट जात-येत राहिली आणि अर्धा चित्रपट इन्व्हर्टरवर, मंद आवाजात बघावा लागला. जनरेटरची सोय करायला हवी. त्यासाठी तिकीट ३० केलं तरी लोक देतील.

एरिक त्सांगचे दोन चित्रपट लागोपाठच्या शनिवारी ठेवले, हा निवडणाऱ्यांचा दुसरा चांगला निर्णय. ‘कॉम्रेड्स : ऑलमोस्ट अ लव्ह स्टोरी’मध्ये तो गुंडांचा म्होरक्या पाओ. बुटका, गोल, कुठूनही नायक न वाटणारा, आणि पाठीवर मिकी माऊस गोंदलेला. १९९७ चा पुरस्कार. कथानक फोडतो, माफ करा, पण नटाबद्दल लिहायचं तर त्या प्रसंगाबद्दल लिहावंच लागेल. न्यूयॉर्कच्या शवागारात नायिका मॅगी च्युंगला त्याचं प्रेत ओळखायला बोलावतात. ती पाठ दाखवायला सांगते. मिकी माऊस दिसतो, तिला आधी हसू येतं आणि मग ती कोसळते. त्सांग तिथे नुसता पडलेला आहे. तरीही तो प्रसंग त्याचा आहे, कारण आधीच्या सगळ्या प्रसंगांत त्याने त्या पाठीवरच्या उंदराला आपल्या प्रेमाची खूण करून ठेवलेलं आहे. आपण रंगमंचावर नसताना आपल्याबद्दल कोणी रडावं इतकं काम आधी करून ठेवणं, याला मी अभिनय म्हणतो.

वीस वर्षांनी, २०१७ साली, ‘मॅड वर्ल्ड’. वाँग चुन या तरुण दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट, सरकारी योजनेतल्या २० लाख हाँगकाँग डॉलरांत केलेला, आणि त्सांगने मानधन घेतलं नाही. मनोविकाराच्या रुग्णालयातून आलेला मुलगा आणि त्याला एका कोंदट खोलीत सांभाळणारा ट्रकचालक बाप. या बापाला मुलाशी काय बोलावं ते येत नाही. तो खायला आणतो, उशीखाली हातोडा ठेवून झोपतो, पुस्तकं वाचून आजार समजून घ्यायचा प्रयत्न करतो. मानसिक आजाराबद्दल आमच्याकडे घराचं दार लावून बोलतात किंवा बोलतच नाहीत. खेळानंतर एक गृहस्थ सरांकडे जाऊन हळू आवाजात काहीतरी विचारत होते, आणि पुढच्या शनिवारी वाचनालयाने फळ्यावर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची वेळ लिहून ठेवली. असं करणाऱ्या वाचनालयाला आणखी काय प्रमाणपत्र द्यायचं!

पुढच्या उन्हाळ्यासाठी माझी मागणी लेखी दिली आहे : सहाय्यक अभिनेत्रींची मालिका करा. ‘मॅड वर्ल्ड’मधल्याच आईसाठी एलेन जिन यांना त्याच वर्षी पुरस्कार मिळाला होता, म्हणजे सुरुवात घरच्याच डीव्हीडीवरून होते. झाडीपट्टीत आईची कामं करणाऱ्या बायका आहेत, त्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवा आणि त्यांना घरी पोचवायला गाडीची सोय करा.

तोवर ज्यांचे खेळ हुकले त्यांच्यासाठी : सगळ्या मूळ डीव्हीडी वाचनालयात आहेत, सभासदांना आठवड्यासाठी घरी नेता येतात, आणि मराठी टिपणाची प्रत सोबत मिळते. पोरं असतील तर ‘कुंग फू हसल’ न्या. नाटकात काम करत असाल तर ‘केजमॅन’ आधी, आणि तो एकट्याने बघू नका, कंपनीतल्या चार जणांना बोलवा.