लपणं की मिरवणं? फुलपाखरांचे जगण्याचे दोन मार्ग

पक्ष्याच्या चोचीतून वाचायचं तर फुलपाखरापुढे ढोबळमानाने दोन मार्ग असतात.

ऑरेंज ओकलीफ लपतं. पंख मिटले की ते हुबेहूब वाळकं पान: मधली शीर दोन्ही पंखांवरून सलग गेलेली, मागच्या पंखाचं टोक देठासारखं, काहींवर तर बुरशीचे डागसुद्धा! पण ही जादू स्थिर बसेपर्यंतच. उडालं की वरच्या बाजूचा निळा-केशरी रंग झळकतो. धोका जाणवला की ते झटकन बसून पुन्हा पान होतं.

प्लेन टायगर उलट वागतं. भडक केशरी रंग, उघड्यावर संथ उडणं, कुठलीच घाई नाही. कारण त्याची अळी रुईची पानं खाते आणि चिकातली विषारी द्रव्यं अंगात साठवते. ती प्रौढ फुलपाखरातही उतरतात. शिवाय नर खुळखुळ्यासारख्या वनस्पतींमधून कडू अल्कलॉइडं शोषून घेतात. मादीला आकर्षित करणारा गंध त्यांतूनच बनतो. अंग इतकं चिवट की पक्ष्याने पकडून सोडलं तरी पुष्कळदा ते उडून जातं. मात्र पक्ष्याला धडा मिळेपर्यंत काहींचा बळी जातोच.

मला दुसरा मार्ग जास्त थक्क करतो, कारण त्याचा फायदा इतरांनाही उठवता येतो. डॅनेड एगफ्लायची मादी विषारी नाही, पण ती अगदी प्लेन टायगरसारखी दिसते. तिचा नर मात्र काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा. अशा नकलाकारांची संख्या फार वाढली तर पक्षी फसायचे थांबतात आणि खऱ्या विषारी फुलपाखराचाही धाक कमी होतो.