कॅनव्हास रोल करून मागवायचा की स्ट्रेच केलेला?

कोल्हापूर, सांगली, नाशिककडच्या एखाद्या चित्रकाराचं काम आवडलं, रेट ठरला, ॲडव्हान्स जीपे केला, की त्याचा पुढचा प्रश्न हमखास येतो, रोल करून पाठवू की स्ट्रेच करूनच, म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून, पाठवू? आपल्याला वाटतं यात काय विचारायचं, तयारच पाठव ना, आलं की खिळा ठोकून लावून टाकू. मी दोन्ही प्रकारे मागवलीयेत, राहतो मुंबईत, थर्ड पार्टी कुरियर आणि सोसायटीची लिफ्ट हे दोन्ही रोजचेच, त्यामुळे जे दिसलं ते सांगतो. तुमचा अनुभव वेगळाही असू शकतो.

स्ट्रेच केलेल्याची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. ज्या ताणावर चित्र रंगवलं त्याच ताणावर ते घरी येतं, कडांवर रंग नेलेला असेल तर तो जसाच्या तसा राहतो, फ्रेमवाला शोधावा लागत नाही, संध्याकाळी आलं की रात्री भिंतीवर. कुणाच्या वास्तुशांतीला द्यायचं असेल तर मी आजही हेच सांगेन.

खर्चात मात्र मोठा फरक पडतो. कुरियरवाले फक्त काट्यावरचं वजन धरत नाहीत, आकारावरून काढलेलं जास्त भरलं तर तेच धरतात, लांबी-रुंदी-उंची सेंटीमीटरमध्ये गुणून साधारण ५००० नं भागायचं. तीन बाय चार फुटी कॅनव्हास फोम-पुठ्ठ्यात बांधला की १०० बाय १३० बाय १२ होतो, म्हणजे ३१ किलो, हातात घेतलं तर पाच-सहा किलोसुद्धा नसतं. तेच चित्र गुंडाळून सहा इंची पाइपात घातलं की हिशोब सहा-साडेसहा किलोवर येतो. आणि जुन्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ते खोकं आडवं-उभं कसंच जात नाही, मग जिन्यानं, प्रत्येक वळणावर कोपरा भिंतीला.

पण पैसे आणि जिना मी सहन केला असता. माझं मत ठरलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. पावसाळ्यातल्या घाटाचं एक मोठं चित्र होतं, राखाडी-निळं, खाली एकच पिवळा कंदील. खोकं बाहेरून ठीकच, मागच्या बाजूला एका जागी फक्त पुठ्ठा दबलेला. आत कॅनव्हासला मागून कुठल्यातरी पार्सलचा कोपरा लागलेला आणि पुढच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा, त्याच्याभोवती केसासारख्या बारीक गोल भेगा. दिवसा दिसतही नाहीत, संध्याकाळी बाजूचा दिवा लावला की नजर तिथेच जाते. कुरियरवाला म्हणाला पॅकिंग कमी होतं, शिवाय तुम्ही सही केलीत. चित्रकार म्हणाला मी चारही बाजूंनी फोम लावला होता, आणि तो खोटं बोलत नव्हता, त्यानं फोटो पाठवले होते. सज्जन माणूस, पैसे परत करतो म्हणाला. पण त्याच्या महिनाभराच्या कामाचे पैसे मी कसे परत घेणार? चित्र ठेवलं, पैसे पूर्ण दिले, आणि तरी आमच्यात काहीतरी अवघडलं. आधी तो नवीन काम सुरू केलं की अर्धवट कॅनव्हासचे फोटो पाठवायचा, ते बंद झालं. थेट कलाकाराकडून घेण्यात मला जे सगळ्यात मोलाचं वाटतं ते नेमकं तेच होतं.

रोलमध्ये हे भांडण होण्याची शक्यताच कमी, कारण दबायला काही ताणलेलं नसतं. फक्त चित्रकाराशी आधी बोलून घ्या. पुठ्ठ्याची नळी नको, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पीव्हीसी पाइप आणि दोन्ही टोकांना टोप्या, चार इंचीपेक्षा सहा इंची केव्हाही बरा, गुंडाळी जितकी सैल तितकं रंगाला सोपं. रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचं, बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं, पण रंग आत ठेवला तर तो दाबला जाऊन चिरतो. रंगावर बटर पेपर, बबल रॅप थेट रंगावर नकोच, उन्हाळ्यात ॲक्रिलिक मऊ पडतं आणि बुडबुड्यांचे गोल छापले जातात. चारही बाजूंना दोन-दोन इंच कोरा कॅनव्हास सोडायला सांगा, नाहीतर इकडे स्ट्रेच करताना चित्रच कडेवर वळवावं लागतं. आणि ऑइल असेल तर घाई करू नका, वरून वाळलेलं दिसलं तरी आतून पूर्ण वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं.

रोलचा त्रास म्हणजे इथला फ्रेमवाला. देवाचे फोटो आणि सर्टिफिकेटं करणारा नको, चित्रकारांचे कॅनव्हास ताणणाराच शोधा, आणि कोपऱ्यांत पाचर ठोकता येणारी चौकट मागा. जुलैत इथल्या दमट हवेत कॅनव्हास सैल पडतो, तेव्हा पाचर हलकेच ठोकली की परत ताठ. साध्या खिळे मारलेल्या चौकटीला ती सोय नसते. पंधरा दिवस जातात, फ्रेमचे पैसे वेगळे, मान्य आहे, तरी कुरियरमध्ये वाचतात त्यात माझं बऱ्यापैकी भागलं.

नाइफनं, म्हणजे रंगाच्या सुरीनं, जाड थर दिलेलं काम, वाळू किंवा सोन्याचा वर्ख चिकटवलेलं काम मात्र गुंडाळू नका, कितीही पाइप मोठा असला तरी. तसं चित्र आवडलं तर मी चित्रकाराला विचारतो, जहांगीर आर्ट गॅलरीत किंवा मुंबईत कुठे शो आहे का तुमचा? असला तर तिथेच चित्राखाली लाल टिकली, म्हणजे विकलं गेल्याची खूण, लावून घ्यायची, शो संपेपर्यंत चित्र भिंतीवर राहतं, शेवटच्या संध्याकाळी टेम्पो करून स्वतः घेऊन यायचं. शो नसेल तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, तो तिकडे स्वतः उभं ठेवून देतो, आपण सकाळी सायनला उतरवून घेतो, मध्ये गोडाऊन नाही. कागदावरचं वॉटरकलर असेल तर रोलही नको आणि काचेची फ्रेम तर अजिबात नको, दोन प्लायच्या मध्ये सपाट मागवा आणि काच इथे बसवून घ्या.

बाकी नेहमीच्या ऑइल-ॲक्रिलिक कॅनव्हासला मी तरी आता पाइपच सांगतो. घाटाच्या चित्रानंतर त्याच चित्रकाराकडून एक लहान काम तसंच मागवलं, पलंगावर स्वच्छ चादर टाकून दोन दिवस सपाट ठेवलं, फ्रेमवाल्याकडून ताणून आणलं आणि भिंतीवरचा फोटो त्याला पाठवला. लगेच फोन आला, पुढचं कुठलं रंगवतोय ते सांगायला.