झटका मशीन घेताना पेटीपेक्षा अर्थिंग बघा

रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक वाचवायला आज मिळणाऱ्या साधनांत सौर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारी पेटी, सगळ्यात उपयोगी आहे. काटेरी तारेखालून डुक्कर माती उकरून घुसतं, बांधाला बांधलेल्या साड्यांना ते काही दिवसांतच सरावतं. झटका बसलेलं जनावर मात्र त्या तारेपासून लांब राहतं. तरीही 'मशीन चालत नाही' अशी तक्रार सतत ऐकू येते. तिचं मूळ बहुतेक वेळा पेटीत नसून जमिनीत असतं.

मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवरून साधारण ८ ते १० हजार व्होल्टचा ठोका तयार करते. तो सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागापुरताच असतो आणि दोन ठोक्यांत किमान एक सेकंदाचं अंतर असतं, म्हणून जनावर दचकून मागे सरतं, मरत नाही. तारेत घरची २३० व्होल्टची वीज सोडली तर प्रवाह थांबतच नाही, स्नायू आखडतात आणि माणूस असो वा वाघ, तिथेच जातो. तो गुन्हाही आहे.

ठोका तारेतून जनावरात, जनावराच्या पायांतून मातीत आणि मातीतून अर्थिंगच्या सळईवाटे मशीनमध्ये परत येतो. हा परतीचा रस्ता कच्चा असेल तर झटका बसतच नाही. किटसोबत बहुधा एकच आखूड सळई येते. ती पुरत नाही. ५-६ फुटांच्या तीन जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) सळया १० फुटांच्या अंतराने ठोका, एकमेकींना जोडा आणि घराच्या किंवा मोटारीच्या अर्थिंगपासून किमान ३० फूट लांब ठेवा. तपासणी सोपी आहे. मशीनपासून ३०० फुटांवर लोखंडी सळया तारेला टेकवून जमिनीत रोवा, तारेवरचा दाब (व्होल्टेज) २ हजार व्होल्टच्या खाली येईपर्यंत. मग शेवटच्या अर्थ सळईत आणि तीन-चार फुटांवर रोवलेल्या खिळ्यात फेन्स व्होल्टमीटर (कुंपणाचा दाब मोजायचं यंत्र) लावा. ३०० व्होल्टच्या वर आकडा आला तर आणखी सळई ठोका. मुरमाड रानात उन्हाळ्यात माती कोरडी पडते. तिथे एक तार झटक्याची, एक अर्थची अशी आलटून-पालटून ओढावी, म्हणजे दोन्हींना एकदम अंग लागलं की झटका बसतो.

'१५ एकरांची मशीन', '३० एकरांची मशीन' ही दुकानातली भाषा सोडून द्या. पाच एकर चौकोनी रानाचा घेर सुमारे ५७० मीटर येतो, तर तेच पाच एकर ५० मीटर रुंदीच्या पट्ट्यात असतील तर ९०० मीटरच्या वर. एकावर एक तारेचे चार पदर धरले की तार सव्वादोन किलोमीटर लागते किंवा साडेतीनच्याही पुढे जाते. म्हणून मशीनचे जूल (एका ठोक्यातली ऊर्जा) आणि किती किलोमीटर तार पेलते ते विचारा. २ मिलिमीटरची जीआय तार किलोला साधारण ४० मीटर भरते, त्यावरून वजन काढा. क्लच वायर (बारीक तारांच्या पिळाची वायर) ओढायला सोपी असली तरी तिचे सांधे लवकर गंजतात. सांध्याशी रात्री निळी ठिणगी दिसली, टकटक ऐकू आली, तर तिथेच गळती आहे.

डुकरासाठी पहिली तार जमिनीपासून ८-९ इंचांवर हवी, कारण त्याचं ओलं नाक तिथे लागतं. केसाळ पाठीला झटका नीट जाणवत नाही. रोहीसाठी वरची तार ५ फुटांपर्यंत न्यावी. झाडावरून उतरणाऱ्या माकडांपुढे हे कुंपण हरतं.

खरी परीक्षा पावसाळ्यात असते. खालच्या तारेला टेकलेलं ओलं गवत दाब खाऊन टाकतं, तेव्हा तारेखालचा फूटभर पट्टा दर पंधरवड्याला साफ ठेवावा लागतो. मशीन ०.२५ अँपिअर घेत असेल तर दिवसरात्रीत ६ अँपिअर-तास जातात. १२ अँपिअर-तासांची बॅटरी ढगाळ हवेत दोन दिवसांत पूर्ण बसते. विदर्भातल्या श्रावणझडीसाठी २६ ची बॅटरी आणि ४० वॅटचं पॅनेल घेतलेलं बरं.

आणखी एक चूक घराघरांत दिसते. मशीनपासून कुंपणापर्यंत साधी घरगुती वायर ओढतात. तिचं आवरण ११०० व्होल्टपर्यंतचं असतं, ओल्या भिंतीवर ८ हजारांचा ठोका ते भेदून जातो. तिथे दुहेरी आवरणाची कुंपणाची केबलच घ्यावी. आणि सायरन असलेलं मॉडेल निवडा: तार तुटली किंवा जमिनीला टेकली की तो रात्रीच ओरडतो.