फ्यूजनवर साचे: छोट्या टूलरूममधला पावसाळ्यासकटचा अनुभव

हे कुणाला लागू पडेल ते आधी सांगतो. गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतलं प्लास्टिकचं छोटं मोल्डिंग युनिट, काम औषधाच्या बाटल्यांची झाकणं आणि थोडी एबीएस प्लास्टिकची हाउसिंग. टूलरूममध्ये तीन अक्षांची एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन), बीटी४० मापाचा स्पिंडल, ८००० आरपीएम, जुना फॅनुक कंट्रोल, शेजारी स्पार्क मशीन (इलेक्ट्रोडच्या ठिणग्यांनी स्टील झिजवणारं). कोअर-कॅव्हिटीचं, म्हणजे साच्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागाचं, स्टील बहुतेक पी२० जातीचं. साचा बाहेरून करून आणायचा आणि घरी फक्त दुरुस्ती, हे थांबवायचं म्हणून ऑटोडेस्क फ्यूजन हे डिझाइन आणि मशीनचे प्रोग्राम काढायचं सॉफ्टवेअर घेतलं, पैसे भरलेला परवाना. मोफत घरगुती परवान्यावर भागवायचा विचार असेल तर सोडा. तो धंद्यासाठी नाहीच, शिवाय २०२० पासून त्यात रॅपिड (न कापता जलद सरकायच्या) चाली फीडच्या, म्हणजे कापायच्या, वेगाने निघतात आणि आपोआप टूल बदलणं मिळत नाही.

रफिंगबद्दल, म्हणजे सुरुवातीला जास्तीचं स्टील काढण्याबद्दल, तक्रार नाही. अ‍ॅडॅप्टिव्ह क्लिअरिंग (टूलवरचा भार एकसारखा ठेवणारी रफिंगची पद्धत) मूळचं एचएसएमवर्क्सचं, ती कंपनी ऑटोडेस्कने २०१२ मध्ये घेतली. १० मिमी, चार दातांचं कार्बाइड एंड मिल, बाजूने १ मिमी आणि खोलीला १५ मिमी घेतलं की पी२० लोण्यासारखं नाही, पण एकसारखं कापलं जातं. कापायचा वेग मिनिटाला १२० मीटर धरला तर ३८०० आरपीएम. इथे बरेच जण फीड जुन्याच सवयीने दाताला ०.०६ मिमी ठेवतात. बाजूचा घास व्यासाच्या एक दशांश असला की चिप पातळ पडते, म्हणून दाताला ०.१ द्यावं लागतं, म्हणजे मिनिटाला साधारण १५०० मिमी. कमी दिलं तर टूल कापण्याऐवजी घासतं आणि धार लवकर जाते. दोष मात्र सॉफ्टवेअरला दिला जातो.

खरी कसोटी फिनिशिंगला लागते, आणि ती सॉफ्टवेअरपेक्षा कंट्रोलची असते. आरएस२३२ केबलवरून ९६०० बॉडने प्रोग्राम सोडत असाल तर सेकंदाला जेमतेम ९०० अक्षरं जातात. एक्स, वाय, झेडची एक ओळ २४ अक्षरांची, म्हणजे ३७ ओळी. टॉलरन्स घट्ट करून बिंदू ०.१ मिमी अंतरावर आले की सेकंदाला ३.७ मिमी, म्हणजे मिनिटाला २२० मिमी. स्क्रीनवर फीड १२०० लिहिलेला, आणि मशीन अडखळत चाललेलं. जिथे थांबतं तिथे कोअरवर डाग, आणि पॉलिशवाल्याच्या शिव्या. उपाय तीन, तिन्ही एकत्र करायचे. प्रोग्राम केबलऐवजी सीएफ मेमरी कार्डवरून चालवायचा. फ्यूजनच्या पास टॅबमधलं स्मूदिंग चालू करायचं, म्हणजे जवळजवळचे बिंदू गाळून ओळी कमी होतात. आणि कंट्रोलला एआयसीसीचा (पुढच्या ओळी आधी वाचून वेग सांभाळायचा) पर्याय असेल तर पोस्टमध्ये (टूलची वाट मशीनच्या भाषेत लिहून देणाऱ्या फाइलमध्ये) जी०५.१ क्यू१ घालून शेवटी क्यू० ने बंद करायचं. फ्यूजनचे पोस्ट साध्या जावास्क्रिप्टमध्ये असतात, उघडून बदलता येतात. मला विचाराल तर पॅकेज निवडताना पहिला प्रश्न हाच: पोस्ट आपल्याला हात लावता येतो, की प्रत्येक ओळीसाठी डीलरला फोन?

उभ्या आणि आडव्या उतारांना एकाच कमांडमध्ये हाताळणारा ‘स्टीप अँड शॅलो’ टूलपाथ (टूलच्या चालीची वाट) मूळ परवान्यात नाही, तो एक्स्टेन्शनमध्ये आहे, त्याचे पैसे वेगळे. तीन अक्षांवर त्यावाचून अडत नाही. कॉन्टूर (उभ्या उतारांचा टूलपाथ) याला उतार ४० ते ९० अंश, स्कॅलप (आडव्या उतारांचा) याला ० ते ४३. मधले तीन अंश दोघांनी कापले की जोडाची रेघ राहत नाही. अट एक: दोन्हीला तेच बॉलनोज (गोल टोकाचं टूल) वापरायचं. दुसरं टूल लावलंत तर लांबीच्या ऑफसेटमधला शतांश मिमीचा फरकसुद्धा झाकणाच्या वरच्या तोंडावर नखाला लागतो. ६ मिमी बॉलला स्टेपओव्हर (दोन चालींमधलं अंतर) ०.३ मिमी ठेवला तर मध्ये उरणाऱ्या कंगोऱ्याची उंची ०.००३८ मिमी, ०.२ ला ०.००१७. वेळ दीडपट, पण दगड घासायचं काम बरंच वाचतं. फिनिशिंगला टॉलरन्स ०.००३ ठेवतो. डिफॉल्टवर सोडलं तर पॉलिशनंतर उजेडात फॅसेट, म्हणजे बारीक सपाट पैलू, दिसतात.

रेस्ट मशीनिंग (मोठ्या टूलने राहिलेलं छोट्या टूलने काढणं) चांगलं आहे, फक्त साखळी लक्षात ठेवायची. पुढचं प्रत्येक ऑपरेशन मागच्याच्या उरलेल्या स्टॉकवर उभं असतं. पहिल्या रफिंगचा एक आकडा बदलला की खालचं सगळं शिळं होतं आणि पुन्हा गणित करावं लागतं, साध्या कॉम्प्युटरवर चहा पिऊन येईपर्यंत. बारीक कडा सोडून देण्याची मर्यादा ०.१ ठेवली नाही तर ४ मिमी टूल तासभर हवाच कापतं. होल्डर (टूल धरणारा भाग) मोजून टूलच्या लायब्ररीत भरा आणि टक्कर होत असेल तर टूलपाथ न बनता अडावा असा पर्याय निवडा. खोल रिबला (अरुंद पट्टीच्या खाचेला) टूल व्यासाच्या सात-आठपट बाहेर काढायची वेळ आली तर तिथे सॉफ्टवेअरशी झगडू नका, स्पार्क मशीनसाठी इलेक्ट्रोड करा.

इलेक्ट्रोडसाठी स्पार्क गॅप (ठिणगीसाठी लागणारी फट) द्यायचा तो ऋण स्टॉकने, म्हणजे इलेक्ट्रोड तेवढा लहान कापून. आमच्या सेटिंगला फिनिशला बाजूस ०.१ आणि रफला ०.२५ जुळतं, तुमच्या मशीनचा तक्ता बघा. ऋण स्टॉक टूलच्या कोपऱ्याच्या रेडियसपेक्षा जास्त देता येत नाही, म्हणजे सपाट एंड मिलला अजिबात नाही. जुनी युक्ती चालते: ६ मिमीचं टूल ५.८ म्हणून नोंदवायचं आणि झेड ०.१ खाली उतरवायचं. ही खोटी टूल्स वेगळ्याच लायब्ररीत ठेवा. स्टीलच्या कामात एखादं चुकून निवडलं गेलं तर कॅव्हिटी दोन्ही बाजूंनी ०.१ मोठी होते, मग वेल्डिंगच.

आता पावसाळा. फाइली क्लाउडवर असतात. जूनमध्ये नेट गेलं तरी उघडी फाइल चालते, पण कॅशमध्ये नसलेली जुनी फाइल मिळत नाही. चालू साच्यांच्या एफ३डी (फ्यूजनची मूळ फाइल), स्टेप (इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी) आणि एनसी (मशीनचा प्रोग्राम) प्रती घरच्या डिस्कवर हव्यातच. वर्गणी थांबली की पुन्हा टूलपाथ काढता येणार नाही, त्या दृष्टीनेही. औषध कंपन्यांची ड्रॉइंग बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायला लेखी परवानगी आधी घ्या, काही ग्राहक साफ नाही म्हणतात. मग फ्यूजनचा विचारच संपतो.

वीज जाते हे धरूनच प्रोग्राम काढायचे. पाच तासांचं फिनिशिंग एका फाइलमध्ये नको. हद्दी आखून अर्ध्या-पाऊण तासाचे तुकडे करा आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला टूल, स्पिंडल, जी५४ (कामाचा शून्यबिंदू), जी४३ (टूलच्या लांबीचा ऑफसेट) सगळं पुन्हा येऊ द्या. लाइट आली की होम करून तोच तुकडा पहिल्यापासून चालवायचा. अर्धवट कोअर रात्रभर कूलंटखाली सोडू नका, या हवेत सकाळी पी२० वर तांबूस ठिपके असतात.

दुसरी पॅकेजं म्हणाल तर मास्टरकॅम येणारा माणूस नोकरीला मिळणं सोपं, हा त्याचा मोठा फायदा, आणि माणसं टिकत नसतील तर तो निर्णायक. पॉवरमिल खोल आणि अवघड कॅव्हिटीला सरस, पण झाकणांसाठी ते जड पडतं. डेमोला डीलरची अ‍ॅल्युमिनियमची शोभेची वस्तू बघू नका. आपली स्टेप फाइल द्या, एक अंश ड्राफ्टची (भाग सुटण्यासाठीच्या उताराची) १.२ मिमी रिब असलेली, आणि निघालेला प्रोग्राम त्याच दिवशी आपल्या मशीनवर हवेत चालवून घ्या.