न्यूटन-ज्यूल की डाइन-अर्ग?
अकरावीतली भाची विचारत होती, भौतिकशास्त्राची गणितं एसआयमध्ये (मीटर-किलोग्रॅम-सेकंद) सोडवू की सीजीएसमध्ये (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद)? वस्तुमानाचं सोपंय, किलो नाहीतर ग्रॅम. खरी मेहनत पुढे आहे, बलाचं एकक १ न्यूटन म्हणजे १ लाख डाइन आणि कार्याचं एकक १ ज्यूल म्हणजे १ कोटी अर्ग, म्हणजे सीजीएसमध्ये शून्यंच मोजत बसायचं आणि चूक नेमकी तिथेच होते, कारण बलाला ५ शून्यं पण कार्याला ७, का तर कार्यात अंतराने परत गुणायचं आणि मीटरचे १०० सेंटिमीटर होतात. हे एकदा समजलं ना की पाठ करावं लागत नाही! शिवाय सेकंदाला १ ज्यूल म्हणजे १ वॅट, त्यामुळे विजेची गणितं एसआयमध्ये थेट जमतात. परीक्षा, इंजिनिअरिंग असेल तर एसआयच घ्या, जुनी पुस्तकं किंवा पृष्ठताणासारखी बारीक मापं असतील तर सीजीएस बरं पडतं.