विजापूर दोन दिवसांत: दुपारच्या उजेडात रोजा, पहाटेच्या शांततेत घुमट

पंढरपूर-अक्कलकोटच्या फेरीला जोडून बरेच जण विजापूर उरकतात. सकाळी अकराला गोल घुमट, साडेबाराला मुलूखमैदान तोफेपुढे फोटो, जेवण आणि परतीचा रस्ता. असं बघितलेलं विजापूर हमखास निराश करतं आणि त्यात गावाचा काही दोष नसतो. इथल्या दोन सर्वांत मोठ्या वास्तू वेळेच्या बाबतीत फार हट्टी आहेत. गोल घुमटाला शांतता लागते आणि ती फक्त भल्या सकाळी मिळते. इब्राहिम रोजाला, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कबरीला, पश्चिमेकडून येणारा उजेड लागतो, तो दुपारनंतरच मिळतो. एवढं धरून शनिवार-रविवार आखला, तर इतक्या कमी खर्चात इतकं देणारं दुसरं शहर महाराष्ट्राच्या आसपास सापडणं कठीण.

आधी पोहोचण्याचं. सोलापूरहून साधारण शंभर किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग 52, एसटी किंवा कर्नाटकच्या बसने अडीच तास धरून चाला. सांगली-मिरजेकडून येणाऱ्यांना जतमार्गे रस्ता आहे. रेल्वेने यायचं तर सोलापूर-होटगी-गदग मार्गावर हे स्टेशन लागतं आणि गोल घुमट तिथून अगदी जवळ आहे. तिकीट काढताना एक चूक नेहमी होते. शहराचं नाव 2014 पासून अधिकृतपणे विजयपुरा झालं आहे. त्यामुळे जुन्या नावाने शोधलं की छत्तीसगडमधलं बिजापूर समोर येतं आणि नव्या नावाने शोधलं तर बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळी तालुक्यातलं विजयपुरा. बसचं आरक्षण करताना जिल्हा तपासा. रेल्वेत स्टेशनचा कोड बीजेपी आहे, तोच टाकला की गोंधळ होत नाही.

शहर पूर्व-पश्चिम पसरलेलं आहे. गोल घुमट पूर्वेच्या टोकाला, इब्राहिम रोजा पश्चिमेच्या तटाबाहेर आणि मधोमध जुना बालेकिल्ला. मुक्काम बसस्थानक ते स्टेशन रस्ता या पट्ट्यात कुठेही केला तरी चालतो. फिरायला रिक्षा आहेत, टांगेही अजून दिसतात. रिक्षा ठरवताना नुसतं ‘सगळं दाखवा’ म्हणू नका. ठिकाणांची नावं आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबायचं हे आधी बोलून घ्या. नाहीतर रोजाला वीस मिनिटं झाली की बाहेर हॉर्न सुरू होतो, कारण ठरलेल्या फेरीचा हिशेब तेवढाच असतो. रोजासाठी दीड तास स्पष्ट सांगा. भाषेची अडचण पडत नाही. कन्नड आणि दख्खनी उर्दूचं गाव असलं तरी मराठी समजणारे भरपूर भेटतात.

शनिवारी दुपारच्या आत पोहोचलात तर बालेकिल्ल्याच्या परिसरापासून सुरुवात करा. गगन महालाची मधली प्रचंड कमान समोर उभं राहून बघण्यासारखी आहे. पहिल्या अली आदिलशहाचा हा दरबार 1561 चा. 1686 मध्ये विजापूर पडलं तेव्हा शेवटचा सुलतान सिकंदर आदिलशहा औरंगजेबापुढे इथेच शरण आला असं सांगतात. आत बघायला फारसं उरलेलं नाही, पंधरा मिनिटं पुरतात. जवळच बारा कमान, म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी राहिलेली कबर. तिच्यावर घुमट कधी चढलाच नाही. काळ्या दगडाच्या उघड्या कमानी, वर आकाश. कमानीतला एकेक दगड कसा बसवला आहे ते इथे उघडं दिसतं, म्हणून घुमट बघण्याआधी ही जागा बघून ठेवणं फायद्याचं. असर महाल मात्र वेळ असेल तरच. समोरचा हौद आणि दर्शनी भागातले सागवानी लाकडाचे चार उंच खांब बाहेरूनच बघायचे. पवित्र अवशेषांची जागा असल्यामुळे स्त्रियांना आत जाता येत नाही, हे माहीत नसलं की दारात गेल्यावर वाईट वाटतं.

जेवण करून साडेतीनच्या सुमारास इब्राहिम रोजाला पोहोचा. वाटेत मक्का दरवाजाजवळची ताज बावडी दहा मिनिटांत होते. तिची प्रवेशाची मोठी कमान आजही देखणी आहे, पाण्याची अवस्था मात्र मन खट्टू करणारी.

रोजाला साडेतीनचीच वेळ का? एकाच उंच जोत्यावर पश्चिमेला मशीद आणि पूर्वेला कबरीची इमारत, अशा दोन इमारती समोरासमोर आहेत, मध्ये हौद. सूर्य मशिदीच्या मागे कलू लागतो तसा उजेड कबरीच्या दर्शनी भागावर सरळ पडतो आणि बारीक कोरीव काम उठून दिसायला लागतं. सकाळी हीच बाजू सावलीत, सपाट आणि काळपट दिसते. सकाळी येऊन ‘ठीक आहे’ म्हणणारे पुष्कळ असतात, त्याचं कारण हेच. फार उशीरही करू नका, सूर्य खूप खाली गेला की मशिदीचीच सावली अंगणात सरकते.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची (कारकीर्द 1580 ते 1627) आणि त्याची राणी ताज सुलताना हिची ही कबर. बांधकाम मलिक संदलचं, आणि दीड लाख होन खर्च झाल्याचा उल्लेख इथल्या शिलालेखात आहे. ताजमहालाला इथून प्रेरणा मिळाली असं सगळेच वाटाडे सांगतात. ते ऐकून घ्या, पण त्या तुलनेत अडकू नका. आधी व्हरांड्यातून एक पूर्ण फेरी मारा आणि खिडक्यांपाशी थांबा. दगडाच्या पातळ शिळेत अरबी अक्षरंच अशी कोरली आहेत की अक्षरांच्या मधल्या फटी म्हणजेच जाळी. बाहेरून ओळी वाचायच्या, आतून त्याच ओळींमधून उजेड झिरपतो. दोन अक्षरं जिथे जोडली जातात तिथे दगड बोटभरही जाड राहिलेला नाही, आणि चारशे वर्षं तो तसाच उभा आहे. कृपा करून हात लावू नका, हातांच्या तेलाने कडा गुळगुळीत होतात.

आत गेल्यावर वर बघायला विसरू नका. दालन जवळपास 12 मीटर बाजूचं चौरस आहे आणि त्याचं छत दगडी, मधोमध अगदी सपाट. खाली खांब नाही, तुळई दिसत नाही. कडेने आत वळत आलेला घोटीव भाग मधल्या सपाट शिळांना पेलून धरतो आणि शिळा चुन्यात एकमेकींना आवळून बसवलेल्या आहेत. वरचा घुमट या छताच्या वर वेगळाच आहे, खालून तो दिसतच नाही. त्या काळातल्या गवंड्याच्या हिमतीचा असा दाखला मला तरी गोल घुमटाहूनही मोठा वाटतो. बाहेर मशिदीच्या छज्जाखाली एकाच दगडातून कोरलेल्या साखळ्यांचे तुकडे शोधा, बहुतेक जण त्या न बघताच परततात.

तिकीट भारतीयांना 25 रुपये, ऑनलाइन 20, पंधरा वर्षांखालील मुलांना लागत नाही. गोल घुमटालाही हाच दर. तिकीटघरावरचा कोड मोबाइलने स्कॅन करून तिकीट काढता येतं, पण नेट अडखळलं तर सुटे पैसे जवळ असू द्या. आत जाताना चपला काढायच्या असतात. मार्च ते मे या महिन्यांत दुपारी काळा दगड पाय भाजून काढतो. पिशवीत जाड मोज्यांचा एक जोड टाका. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

रोजावरून निघालं की मावळतीच्या आत शेर्झा बुरुजावर मुलूखमैदान आणि शेजारी उपळी बुरूज. मराठी माणसाला या तोफेशी जरा जास्त वेळ थांबावंसं वाटेल. ती घडली 1549 मध्ये अहमदनगरला, निजामशाहीसाठी, मुहम्मद बिन हसन रुमीने ओतलेली. पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून 1632 मध्ये मुरार जगदेवाने विजापुरास आणली. भीमेकाठी नावेत हत्ती चढवून त्याची तुला केली आणि गावाला तुळापूर नाव पडलं, अशी कथा ज्याच्याविषयी सांगतात तोच हा मुरारपंत. पंचावन्न टन वजनाचं धूड आणणाऱ्याने हत्ती तोलला, यात नवल काही नाही. लांबी साडेचार मीटरच्या आत, पण व्यास दीड मीटर. तोंड सिंहाचं आहे आणि त्याच्या जबड्यात हत्ती चिरडला जातोय. लोक तोंडापाशी फोटो काढून निघतात. पाठीवरचे लेख बघा: एक ओतणाऱ्याचा, दुसरा विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने कोरून घेतलेला. 1854 मध्ये इंग्रजांनी ही तोफ मोडीत काढायला काढली होती आणि दीडशे रुपयांची बोली आली होती. सुदैवाने तो व्यवहार झाला नाही.

उपळी बुरूज सुमारे 24 मीटर उंच, बाहेरून वळत जाणाऱ्या दगडी पायऱ्यांचा. पायऱ्यांना कठडा पुरेसा नाही, लहान मुलांचा हात धरूनच चढा. वर नऊ मीटर लांबीची लांब्याचरी तोफ आहे आणि सगळं शहर दिसतं: पूर्वेला गोल घुमट, पश्चिमेला रोजाचे मिनार. नकाशा डोक्यात बसायला याहून चांगली जागा नाही. सूर्यास्ताला इथे असा.

रविवारी अलार्म लावाच. गोल घुमटाचं दार सूर्योदयाच्या सुमारास उघडतं आणि तेव्हाच आत असायला हवं. शाळेच्या सहली आणि पर्यटकांच्या बस साधारण नऊनंतर येऊ लागतात. दहाला आत आवाजाचा असा गदारोळ असतो की कुजबुज सज्जात, म्हणजे घुमटाच्या आतून फिरणाऱ्या गोल सज्जात, कुजबुज ऐकू येणं शक्यच नसतं. ‘काही विशेष नाही, नुसता कल्ला’ असं सांगणारे लोक याच वेळी गेलेले असतात.

आधी तळमजल्यावर मधोमध उभं राहा. मुहम्मद आदिलशहाची (मृत्यू 1656) ही कबर. एकच खोली, तीत एकही खांब नाही, क्षेत्र जवळपास 1700 चौरस मीटर. घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर. चौकोनी खोलीवर गोल घुमट कसा बसला, हे मान वर करून शोधण्यात मजा आहे. भिंतींपासून निघालेल्या आठ कमानी एकमेकींना छेदत जातात, चौकोनाचा अष्टकोन होतो, अष्टकोनाचं वर्तुळ. कमानींच्या मधले भाग आतल्या बाजूला झुकलेले आहेत. घुमट बाहेरच्या बाजूला रेटा देतो आणि हे आत झुकलेलं वजन त्याला उलटं ओढून धरतं. भिंती तीन मीटर जाड असूनही सगळा भार त्यांच्यावर टाकलेला नाही. हे काम दाभूळच्या याकूतचं मानतात. दाभूळ म्हणजे कोकणातलं आपलं दाभोळ.

सज्जात जायचा जिना कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून आहे. पायऱ्या शंभरावर, उंच आणि अरुंद, काही ठिकाणी अंधाऱ्या. समोरून कोणी आलं तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी हट्ट करू नये, खालचं दालनही पैसे वसूल करतं. उद्वाहन नाही.

सज्जा सव्वातीन मीटरच्या आसपास रुंद आहे. प्रयोग नीट करायचा तर दोघांनी बरोबर समोरासमोर जा. एकमेकांकडे तोंड करून बोलायचं नाही, इथेच सगळे चुकतात. तोंड भिंतीकडे वळवा, ओठ भिंतीपासून वीतभर अंतरावर आणि अगदी हळू बोला. समोरच्याने कान भिंतीजवळ न्यावा. आवाज गोल भिंतीला धरून सरकत जातो आणि पलीकडे शेजारी बसून बोलावं तसा ऐकू येतो. कागद फाडल्याचा आवाजही पोहोचतो. ओरडलात तर आवाज मधल्या पोकळीत पुन्हापुन्हा आपटतो आणि त्या गोंधळात शब्द विरघळून जातात. टाळी वाजवायची तर एकच, आणि ती पूर्ण विरेपर्यंत थांबा.

समोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, रविवारी अडचण नाही. ते उघडेपर्यंत बाहेर नाश्ता करून या. त्यानंतर चालत किंवा रिक्षाने जामा मशीद. नमाजाच्या वेळा टाळा, पूर्ण कपडे घाला, डोकं झाकायला ओढणी असू द्या. फरशीवर नमाजासाठी आखलेले 2250 चौकोन आणि मेहराबीवरची, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीतल्या कोनाड्यावरची, सोनेरी नक्षी हे इथलं मुख्य. मेहराबीवर पडदा असेल तर तिथल्या माणसाला नम्रपणे विचारा. 1636 च्या त्या कामावरही याकूत दाभुळीचं नाव आहे.

साठ कबर मी रविवारात घालणार नाही. अफजलखानाच्या बायकांच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कबरी शहराबाहेर पश्चिमेला आहेत, रिक्षा वेगळी करावी लागते. शनिवारी सकाळी लवकर पोहोचलात तरच बालेकिल्ल्याआधी जाऊन या.

जेवायला हॉटेलच्या पंजाबी थाळीच्या नादी लागू नका, खानावळ शोधा. ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्याचं एण्णेगाई, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही, सोबत कच्ची मेथी आणि कांदा. सोलापूरकरांना चव ओळखीची वाटेल, पण एण्णेगाईत तेल आणि दाण्याचं कूट अंमळ जास्त. गर्दी एकला होते, साडेबाराला बसलात तर भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. घरी नेण्यासाठी कडक भाकरीचं पुडकं घ्या. बरेच दिवस टिकते, पण पापडासारखी मोडते, म्हणून बॅगेत कपड्यांच्या वर आडवी ठेवा आणि बसच्या वरच्या फळीवर टाकू नका, मांडीवरच घ्या.