एका पात्याचा सेफ्टी रेझर: जबड्याखालच्या पुटकुळ्यांवर कितपत उपयोग झाला?

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत काम करताना दाढी वाढवून चालत नाही, कारण खुंट राहिले की धुळीचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि वाळूची बारीक धूळ कडेने आत शिरते. रोजची गुळगुळीत दाढी आणि तिच्यावर पाळीभर घामेजलेली रबरी कड, यांमुळे माझ्या जबड्याखाली तांबड्या पुटकुळ्या कायमच्या मुक्कामाला होत्या. त्यासाठी उन्हाळ्याच्या अखेरीस कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून दुधारी, पण एकाच पात्याचा साधा स्टीलचा रेझर आणला. आता पावसाळा आणि थंडी दोन्ही उलटली आहेत.

अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पुढचे पाते केस थोडा ओढते आणि मागचे तो कापते, त्यामुळे कापलेले टोक कातडीच्या आत सरकते. केस राठ व कुरळा असेल तर ते टोक वाढताना बाहेर येण्याऐवजी कातडीतच घुसते आणि तिथे गाठ धरते. दिसायला मुरुमासारखी असली तरी मूळ कारण अडकलेला केस असतो. एकच पाते सुलट्या, म्हणजे केस वाढतात त्या दिशेने फिरवले, तर केस इतका खोलवर कापला जात नाही.

मानेवरचा फरक स्पष्ट आहे. माझ्या घाटीच्या डाव्या बाजूचे केस खाली न वाढता आडवे, कानाच्या दिशेने वाढतात. बोट फिरवून ते समजले आणि तिथे पातेही आडवे फिरवू लागलो, तेव्हा नव्या गाठी जवळजवळ थांबल्या. जुन्या गाठींत काळा केस वळसा घालून बसलेला दिसतो. तो सुईने उकरू नये, कोमट पाण्याने शेकून वर येऊ द्यावा.

तक्रारीही आहेत. पाते साधारण 30 अंशांत धरून, दाब न देता, रेझरच्या वजनाने चालवावे लागते आणि तो हात बसेपर्यंत हनुवटी कापते. दाढीआधी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने केस मऊ करावे लागतात, म्हणजे सकाळच्या पाळीला लवकर उठणे आले. संध्याकाळी खुंट हाताला लागतातच. लग्नकार्यासाठी चकचकीत गाल हवे असणाऱ्यांना हे पटणार नाही.

तुरटीचा खडा बारीक कापल्याचे रक्त थांबवतो, पण तो धुऊन न टाकल्यास कातडी कोरडी पडते. मुरुमांवर लावतात ते बेंझॉइल पेरॉक्साइडचे जेल मला रात्री उपयोगी पडले, मात्र त्याने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो. गाठीत पू धरला, सूज पसरू लागली किंवा जाड व्रण उरू लागले, तर रेझर बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मास्कची रबरी कड रोज धुण्याचाही फायदा झाला असावा, त्यामुळे सगळे श्रेय मी रेझरला देत नाही.

सलूनमध्ये दाढी करायची वेळ आली, तर खुर्चीत बसतानाच नवे पाते लावायला आणि उलटा हात न मारायला सांगतो.